समुद्र वाहून नेत नाही

पावसाळ्याचा पहिला मोठा लोंढा येऊन गेला की अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तिन्ही शहरांत दरवर्षी सुटकेचा नि:श्वास टाकला जातो. मे महिन्यात वालधुनीच्या ज्या पुलावरून माणसे नाकाला रुमाल लावून जातात, तिथेच ती जूनअखेर कठड्याशी थांबून पाणी बघतात. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला खेटून वाहणाऱ्या या नदीचा फेस गेलेला असतो, रंग गेलेला असतो, घशात खवखवणारा वासही गेलेला असतो. मोहन्याजवळ उल्हास नदीचे पात्र गिळून बसलेली जलपर्णी दोन-चार दिवसांत दिसेनाशी होते. पालिकेतला अधिकारी, कारखान्याचा व्यवस्थापक आणि चाळीतला रहिवासी यांचे एरवी कशावरच एकमत होत नाही. पण ‘गेलं एकदाचं समुद्रात’ यावर तिघांचेही होते.

ते समुद्रात गेले हे खरे आहे. तिथून पुढे मात्र ते कुठेही गेलेले नाही. किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र आणि त्यापलीकडचा खोल महासागर यांच्यात पाण्याची देवाणघेवाण होते, पण ती अडखळत होते, ठरावीक ऋतूंत होते आणि ज्या वेळी आपल्याला ती हवी असते नेमक्या त्याच वेळी उलट्या दिशेने होते. या तीन शहरांच्या सांडपाण्याचा सगळा हिशेब मात्र ही देवाणघेवाण बिनबोभाट, बारा महिने आणि आपल्या सोयीने चालते, असे गृहीत धरून मांडलेला आहे. हे गृहीतक चुकीचे आहे आणि त्यावर विसंबून आणखी पैसा, आणखी पाइप आणि आणखी परवाने खर्ची पडण्याआधी ते कुणीतरी मोठ्याने सांगायला हवे.

आधी पाण्याची वाट पाहू. उल्हास नदी सह्याद्रीत राजमाची-खंडाळ्याच्या परिसरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा सुमारे १२२ किलोमीटरांचा प्रवास करून वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारे पाणी पेज नदीवाटे तिच्यात येते, म्हणून इतर कोकणी नद्या उन्हाळ्यात खडकांवर येतात तेव्हाही ती वाहती असते. एमआयडीसीच्या बारवी धरणाचे पाणीही तिच्यातच उतरते. जांभूळ, मोहिली, शहाड इथून लाखो माणसांचे पिण्याचे पाणी उचलले जाते. उल्हासनगरला तर स्वतःचा पाण्याचा स्रोतच नाही. ते शहर एमआयडीसीच्या पाण्यावर जगते. आणि याच नदीत, पाणी उचलण्याच्या जागांच्या अगदी जवळ, शहाडला खेमाणी नाला येऊन मिळतो. दुसरीकडे मलंगगडाच्या डोंगररांगेत जन्मलेली वालधुनी काकोळ्याच्या जीआयपी टँकपर्यंत नदी असते; अंबरनाथची औद्योगिक वसाहत, मग उल्हासनगर, मग विठ्ठलवाडी ओलांडून कल्याणच्या खाडीला मिळेपर्यंत तिचे गटार झालेले असते. कल्याणच्या खाली कोन, मोठागाव, मुंब्रा, कशेळी, काल्हेर, कोलशेत, घोडबंदर, भाईंदर, नायगाव असे करत हे सगळे पाणी वसईच्या मुखाशी पोहोचते.

पोहोचते, असे आपण म्हणतो. पण कसे पोहोचते ते कोळ्यांना विचारावे. वसई, उत्तन, अर्नाळा या पट्ट्यातली बोंबलाची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या डोल जाळ्याने होते. हे जाळे म्हणजे लांबलचक निमुळती पिशवी. तिचे रुंद तोंड प्रवाहाच्या दिशेला उघडे ठेवून ती समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना दोरांनी जखडतात. जाळे कुठे जात नाही. भरती किंवा ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा, मांदेली आणून त्यात भरतो. प्रवाह मंदावला, पाणी उलटायच्या बेतात आले, की जाळे ओढायचे. हा सगळा धंदा एकाच ज्ञानावर चालतो: पाणी जाते आणि तेच पाणी परत येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते जोरात येते-जाते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला संथपणे. हल्ली जाळ्याच्या निमुळत्या टोकाशी बोंबलांबरोबर गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या आणि कापडाच्या चिंध्या गच्च बसलेल्या असतात. मासळी निवडण्याआधी कचरा निवडावा लागतो. ओहोटीबरोबर ‘गेलेला’ कचरा भरतीबरोबर परतलेला त्या जाळ्यात उघड दिसतो. पाण्यात विरघळलेले दिसत नाही, एवढाच फरक.

मुंबईच्या परिसरात उधाणाची भरती चार-साडेचार मीटरांपर्यंत चढते. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होते म्हटल्यावर खाडी स्वच्छ धुऊन निघत असेल, असे कुणालाही वाटेल. पण खाडीच्या आतल्या, अरुंद भागातले पाणी ओहोटीला काही किलोमीटर खाली सरकते आणि सहा तासांनी तितकेच वर येते. त्याला खरोखर बाहेर ढकलायला मागून नदीचा रेटा लागतो. डिसेंबर ते मे हा रेटा क्षीण असतो, कारण वरचे बहुतेक पाणी आपण आधीच पिण्यासाठी आणि कारखान्यांसाठी उचललेले असते. खाडीत त्या काळात नदीच्या नावाने जे येते, त्यात सांडपाण्याचाच वाटा मोठा असतो. कल्याण-मुंब्र्याचे पाणी मग आठवडेच्या आठवडे तिथल्या तिथे झुलत राहते.

आणि वसईच्या मुखातून बाहेर पडले तरी काय? मुंबईसमोरचा समुद्र भारतातल्या सर्वांत रुंद भूखंडमंचावर पसरलेला आहे. किनाऱ्यापासून पाण्याखाली गेलेली ही उताराची जमीन मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेला केरळकडे जाताना ती कितीतरी अरुंद होते. १९७४ मध्ये तेल सापडलेले मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, तरीही तिथे पाण्याची खोली ७५ मीटरांच्या आसपासच आहे. खरा महासागर, हजारो मीटर खोलीचा, या मंचाची कड संपून खंडान्त उतार सुरू झाल्यावर लागतो. आपण ज्याला समुद्र समजतो ती त्या अथांग डोहाच्या काठावर ठेवलेली उथळ परात आहे.

या परातीतले पाणी डोहात सहज का उतरत नाही? पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे समुद्रातले मोठे प्रवाह उथळाकडून खोलाकडे सरळ जात नाहीत. ते समान खोलीच्या रेषा धरून, म्हणजे किनाऱ्याला समांतर वाहतात. पश्चिम किनाऱ्याचा मोठा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे. कडेवरून पाणी आरपार व्हायला काही खास कारण घडावे लागते: वाऱ्याने पृष्ठभागाचे पाणी एका बाजूला रेटणे, कडेशी फिरणारे मोठे भोवरे, पाण्याच्या थरांमध्ये उठणाऱ्या अंतर्लाटा, हिवाळ्यात थंड आणि खारट होऊन जड झालेल्या पाण्याचे उतारावरून घसरणे. जगभरचे समुद्रशास्त्रज्ञ गेली कित्येक दशके या कडेचाच अभ्यास करत आहेत, कारण किनाऱ्याचे काय होणार आणि महासागराचे काय होणार हे दोन्ही तिथे ठरते.

पावसाळ्यातला वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. तरंगणारे जे काही आहे ते तो किनाऱ्याला आणून लावतो. जुलैत उधाणाची भरती येऊन गेली की दादर, जुहू, वर्सोवा इथल्या वाळूवर आणि मरीन ड्राइव्हच्या पदपथावर समुद्राने टाकलेल्या कचऱ्याचे ढीग लागतात आणि महापालिका ते वाहने भरभरून उचलते. ‘समुद्राने परत केले’ म्हणून त्याची छायाचित्रे छापून येतात. मुळात समुद्राने ते स्वीकारलेच कधी होते?

आता ज्या गोष्टीसाठी हा अग्रलेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येऊ.

अरबी समुद्रात साधारण १५० मीटरांपासून १००० मीटरांच्या खोलीपर्यंत एक प्रचंड थर आहे, ज्यात प्राणवायू जवळजवळ नाही. जगातल्या अशा मोठ्या थरांपैकी तो एक. हा थर माणसाने केलेला नाही. हा समुद्र उत्तरेला जमिनीने बंद आहे. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म वनस्पतींची अफाट वाढ होते. त्या मरून खाली बसतात, कुजतात आणि कुजताना प्राणवायू खातात. आणि नवे, ताजे पाणी त्या खोलीवर फार हळू पोहोचते. एरवी हा थर कडेपलीकडे, खोल राहतो. पण नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, किनारी प्रवाह दक्षिणेकडे वळला, की पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरते आणि त्याची जागा घ्यायला खालचे पाणी कड चढून मंचावर येते. दक्षिणेत केरळच्या किनाऱ्यावर त्याची सुरुवात होते. मग ते वर वर, कर्नाटक, गोवा, कोकण असे सरकते. त्यातल्या पोषकद्रव्यांवरच आपली मासळी वाढते, हे विसरून चालणार नाही. पण त्याच्याबरोबर प्राणवायूचा तुटवडाही येतो.

त्याच वेळी वरून पाऊस कोसळत असतो आणि सह्याद्रीवरून शेकडो नद्या समुद्रात उतरत असतात. गोडे पाणी हलके. ते पाच-दहा मीटर जाडीच्या झाकणासारखे वर पसरते आणि हवेतला प्राणवायू खाली जाऊ देत नाही. खालून महासागराने आणलेले कोंडलेले पाणी, वरून नद्यांनी घातलेले झाकण आणि मध्ये कुजणारे सेंद्रिय द्रव्य. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक १९९७ पासून कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटरवर, पंचवीस-तीस मीटर खोलीच्या ठिकाणी होडी नेऊन हे मोजत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी प्राणवायू शून्यावर येतो आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, हे त्यांना आढळले. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या निबंधाने या किनाऱ्याकडे जगाचे लक्ष वेधले. नैसर्गिकरीत्या घडणारे असे किनारी क्षेत्र जगात याहून मोठे नाही; आणि नद्या, शेती, शहरे यांतून येणारे नायट्रोजन त्यात भर घालत असावे, असा इशारा त्यांनी तेव्हाच दिला होता. अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइडही मोठ्या प्रमाणात सुटतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे २७३ पट तापवणारा वायू आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात प्रवाह उलटतो, झाकण विरते आणि मंचावरचे पाणी पुन्हा श्वास घेऊ लागते.

आता हे कॅलेंडर आणि आपले कॅलेंडर शेजारी ठेवून पाहा. वर्षभर वालधुनीच्या तळाशी, उल्हासच्या डोहांत आणि खाडीच्या गाळात साठलेली घाण जून ते सप्टेंबर या काळात समुद्रात लोटली जाते. पाऊस पडू लागला की साठवून ठेवलेले रासायनिक सांडपाणी लोंढ्यात सोडून देण्याचे प्रकारही या पट्ट्याला नवे नाहीत. म्हणजे मंचावरच्या पाण्याला महासागराकडून ताजे पाणी मिळण्याची शक्यता सर्वांत कमी असते, तळाचा प्राणवायू उतरत असतो, त्याच महिन्यांत आपण कुजण्यासाठी सर्वांत जास्त माल पाठवतो. ज्या लोंढ्याला आपण स्वच्छता समजतो, तो समुद्राच्या दृष्टीने वर्षातल्या सर्वांत वाईट मुहूर्तावर येतो.

अतिशयोक्ती आम्हाला करायची नाही. उत्तर कोकणासमोर हा तुटवडा गोव्याइतका तीव्र होत नाही. खोल पाण्याचा वर येण्याचा जोर उत्तरेकडे ओसरतो, मंच रुंद आहे आणि इथली भरती-ओहोटी पाणी चांगले घुसळते. पण ही घुसळण म्हणजे आपली उरलेली शिल्लक आहे आणि तिची मर्यादा कुणी ठरवलेली नाही. उबदार समुद्रपाण्यात लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. तो दोनच्या खाली गेला की मासे ती जागा सोडतात आणि ज्यांना सोडता येत नाही, ते शिंपले, किडे, खेकड्यांची पिल्ले, मरतात. अरबी समुद्र तापतो आहे; तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि थर एकमेकांत मिसळायला अधिक अवघड जातात. अमेरिकेत मिसिसिपी नदीने आणलेल्या शेतीखतांमुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात मृत पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो २२ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा झाला. तिथेही मंच आहे, तिथेही गोड्या पाण्याचे झाकण आहे. आपल्याकडे खालून येणारे प्राणवायूहीन पाणी ही त्यात जादा भर.

एक ऑगस्टला मासेमारीबंदी उठते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या बाहेर पडतात. तळाचा प्राणवायू उतरत असण्याचा नेमका तोच काळ. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांनी मासेमारीचे दिवस खाल्ले होते, अतिमासेमारी तर जुनीच आहे. सगळा दोष उल्हासच्या पाण्यावर टाकता येणार नाही आणि आम्ही टाकतही नाही. पण वसई-उत्तनच्या कोळ्याने बोंबील कुठे गेले असे विचारले, तर त्या काळात तळाला प्राणवायू किती होता, याचा दर आठवड्याचा आकडा त्याला देऊ शकेल अशी यंत्रणा या किनाऱ्यासाठी आज उभी नाही.

‘एवढ्या मोठ्या समुद्रापुढे तीन शहरांचे सांडपाणी म्हणजे थेंब’, हा युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे. तो संपूर्ण अरबी समुद्राला भागाकारात धरतो. पण उल्हासचे पाणी संपूर्ण अरबी समुद्रात मिसळतच नाही. ते खाडीत, मुखाशी आणि किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात रेंगाळते. भागाकार त्या पट्ट्याने करायला हवा.

याचा पुरावा गाळातच आहे. पारा वापरून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन तयार करण्याची जुनी पद्धत या परिसरात होती. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्यावरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. खाडीच्या आतल्या भागात पारा खूप अधिक आणि समुद्राकडे जावे तसा कमी, असे चित्र त्यातून पुढे आले. म्हणजे दशकानुदशके आलेल्या पाऱ्यातला मोठा हिस्सा जिथे पडला तिथेच, आपल्या उंबऱ्याशी, बसला. हजारो भरत्या-ओहोट्यांनी आणि कित्येक पावसाळ्यांनी तो उचलून महासागरात नेला नाही. तळाच्या प्राणवायूविरहित गाळात जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो किड्यातून माशात, लहान माशातून मोठ्या माशात आणि शेवटी ताटात चढत जातो. आणि याच खाडीत, कल्याण-मुंब्रा पट्ट्यात, सक्शन पंप लावून रेती उपसली जाते. कित्येक वर्षांचा बसलेला गाळ रोज ढवळून पाण्यात उठवणारे हे पंप नेमके काय बाहेर काढत आहेत, याचा विचार रेतीच्या लिलावाच्या कागदात असतो का?

पाऱ्याचा विषय निघाला की जपानच्या मिनामाताचे नाव येतेच, पण त्या कथेतला आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग सहसा कुणी सांगत नाही. तिथल्या चिस्सो कंपनीने १९३२ ते १९६८ पर्यंत पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडले. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. ओरड वाढल्यावर १९५८ मध्ये कंपनीने सांडपाण्याचे तोंड बदलले: मिनामाता उपसागराऐवजी ते नदीच्या मुखाशी सोडले, म्हणजे मोकळ्या पाण्यात ते विरून जाईल. झाले उलटेच. पुढच्याच वर्षी आजार नदीमुखाच्या परिसरात आणि शिरानुई समुद्राच्या काठावरच्या आणखी गावांत दिसू लागला. तो समुद्र बेटांनी वेढलेला, महासागराशी त्याची देवाणघेवाण तोकडी. शेवटी १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर विषारी गाळ उपसून, बंदिस्त करून, ५८ हेक्टर समुद्र बुजवावा लागला. उल्हासची खाडी मिनामाता झालेली नाही. पण सांडपाण्याचे तोंड हलवण्याने काय होते, हे त्या लोकांनी आपल्या मुलांच्या शरीरांवर सोसून दाखवले आहे.

आणि आपल्याकडे तोडगा कोणता सुचवला जातो? तोंड हलवण्याचा. कारखान्यांचे प्रक्रिया केलेले पाणी नाल्यात नको, नदीत नको, वाहिनीतून थेट खाडीच्या खोल भागात किंवा समुद्रात सोडा, असा आग्रह या औद्योगिक पट्ट्यात पुन:पुन्हा धरला जातो. नदीकाठच्या माणसाला तो पटतो, कारण त्याचा वास जातो. पण आकडे पाहा. मुंबईच्या वरळी आणि वांद्र्याच्या सांडपाणी वाहिन्या समुद्रात सुमारे साडेतीन किलोमीटर आत जातात. तारापूरच्या कारखान्यांसाठी नवापूरला टाकलेली वाहिनी सात किलोमीटरांच्या आसपास. मंचाची कड ३०० किलोमीटरवर. ज्याला ‘खोल समुद्रात विसर्ग’ म्हणतात तो प्रत्यक्षात परातीच्या अगदी काठाशी होतो. खाडीच्या मधोमध सोडलेल्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. वाहिनी पाण्याला शहरापासून लांब नेते; महासागराजवळ नेत नाही.

नदीच्या बाबतीत या भागाने लढा दिला नाही असे नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीत रसायन ओतले गेले आणि विषारी वायूने शेकडो माणसांना रुग्णालयात जावे लागले, ती रात्र वडोलगाव परिसर विसरलेला नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल इथल्या स्थानिक संस्था, एमआयडीसी आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांना मिळून ९५ कोटी रुपये भरायला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. उल्हासनगरचे जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले. १९४९ मध्ये निर्वासित छावणीचे शहर झाले तेव्हापासून सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांनी आणि पुढे देशभरातून आलेल्या कारागिरांनी घामावर उभा केलेला हा उद्योग होता; त्याला वेळीच प्रक्रिया केंद्र उभारून दिले असते तर कुलूप लावायची वेळ आली नसती, असे आमचे स्पष्ट मत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते आणि उल्हास त्यात होती.

पण ही सगळी लढाई कल्याणच्या पुलाशी थांबते. नदीचे पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळ मोजते. खाडीतली तिवरे कांदळवन कक्षाची. रेती महसूल खात्याची. जेट्ट्या सागरी मंडळाच्या. मासळी मत्स्यव्यवसाय खात्याची, तीही १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, त्यापुढे केंद्र. पाण्याला यातली एकही हद्द कळत नाही, आणि या हद्दींवरून एकच एक पाणी अंबरनाथपासून मंचाच्या कडेपर्यंत मोजत जाणारा कुणी नाही. बदलापूरच्या गृहसंकुलाला परवानगी देताना त्याच्या मैल्याचा शेवटचा मुक्काम वसईसमोर आहे, हे विचारात घेणारा रकानाच अर्जात नाही.

तोडगा आहे, आणि तो पाइपच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे शहरात आहे. बारवीचे पिण्यायोग्य पाणी कारखाने धुण्यात आणि बॉयलरांत घालवतात आणि शेजारी उल्हासनगरचे सांडपाणी खाडीला जाते, हा व्यवहार थांबवता येतो. नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या केंद्रांत सांडपाण्यावर पुढची प्रक्रिया करून ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योगांना द्यायला सुरुवात केली आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींना उल्हासनगरचे शुद्ध केलेले पाणी सक्तीने घ्यायला लावले, तर दोन्ही नद्यांवरचा भार एकाच वेळी हलका होतो आणि बारवीतले पाणी माणसांसाठी उरते. यासाठी पैसा लागेल. वाहिनीसाठीही लागणारच आहे.

तोवर निदान हे तरी व्हावे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे प्रादेशिक केंद्र मुंबईत वर्सोव्याला आहे. कल्याण ते वसईचे मुख आणि तिथून पुढे समुद्रात ५० किलोमीटरपर्यंत, पृष्ठभागाला आणि तळाला, वर्षभर प्राणवायू आणि प्रवाह मोजण्याचे काम राज्य सरकारने त्यांना द्यावे, आणि त्यात सप्टेंबर-ऑक्टोबर वगळला जाऊ नये, कारण हवामान खराब म्हणून हेच महिने अहवालांतून गळतात. हे आकडे मराठीतून, दर महिन्याला, वसई-उत्तनच्या मच्छीमार सोसायट्यांच्या फलकावर लागावेत. ते हाती येईपर्यंत खाडीत किंवा समुद्रात नव्या विसर्ग वाहिनीला परवानगी देऊ नये. जून ते सप्टेंबर या काळात अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरच्या नाल्यांवर रात्रीची गस्त दुप्पट करावी, कारण टँकर रात्रीच रिकामे होतात. आणि खाडीच्या गाळातल्या पाऱ्याची नव्याने तपासणी होऊन तिचा अहवाल लोकांपुढे येईपर्यंत कल्याण ते कशेळीच्या दरम्यान रेती उपशाचा एकही लिलाव निघता कामा नये. ठाणे जिल्हाधिकाऱ्यांना यासाठी मुंबईकडे किंवा दिल्लीकडे बघावे लागत नाही. हा अधिकार त्यांच्या टेबलावर आहे.